टीव्ही युनिटमधले तीन शंख, पांढरी पावडर आणि "लाखात जाईल"

प्रश्न वाचला, फोटो पण मोठे करून बघितले. ज्यांनी फक्त उत्तर उघडलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: यांचे आजोबा सत्तरच्या दशकात पोर्ट ब्लेअरला नोकरीला होते, येताना दोन मोठे शंख घेऊन आले. तिसरा काकांनी चार वर्षांपूर्वी "दक्षिणावर्ती" म्हणून विकत घेतला. तिन्ही पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नवीन टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात आहेत आणि दीड वर्षात त्यांच्यावर पांढरी पावडर धरलीये. एकजण म्हणतो ॲसिडनं धू, एकजण म्हणतो विकून टाक लाखात जाईल, आणि यांना विचारायचंय की साफ कसे करायचे आणि किंमत काय येईल.

मी कोकणातल्या एका कॉलेजच्या झूऑलॉजी म्युझियममध्ये बावीस वर्षं काम केलं, शंख-शिंपल्यांची कपाटं माझ्याकडेच होती, त्यामुळे हा प्रश्न मला दर सुट्टीत कोणीतरी पिशवीतून काहीतरी काढत विचारायचंच. माझा अनुभव असा की लोक साफसफाई आणि किंमत विचारतात पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो, हा शंख आहे कुठला? कारण नाव कळलं की विकता येईल का, धुवायचा कसा, दक्षिणावर्ती आहे का, सगळ्याची उत्तरं त्यातनंच निघतात. आणि तुमच्या तीन शंखांची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत, एकत्र उत्तर देता येत नाही.

पहिला, तो दगडासारखा जड, वर शिंगं आलेला. हा कॅसिस कॉर्न्युटा. फोटोत खालची बाजू आहे म्हणून खात्रीनं सांगतो. तोंडाभोवती तो जो मोठा चपटा गुळगुळीत भाग आहे ना, तुपाचा हात फिरवलेल्या पुरणपोळीच्या रंगाचा, आणि बाहेरच्या ओठाला आतनं दातांसारखे उंचवटे, तसं दुसऱ्या कुठल्या शंखाला इतकं ठळक नसतं. वाळूत अर्धा पुरून राहतो आणि समुद्री साळू म्हणजे ते काटेरी गोळे खातो. शिंगं कमी पण लांब असली तर बहुतेक नर, मादी आकारानं मोठी. तुमचा पट्टीवर २६-२७ सेंटीमीटर दिसतोय, म्हणजे चांगला मोठा.

दुसरा लांबट, निमुळता, बदामी अंगावर तपकिरी चंद्रकोरींची नक्षी, पक्ष्याच्या पिसासारखी. हा कॅरोनिया ट्रायटोनिस, इंग्रजीत ट्रायटन्स ट्रम्पेट. जपानमध्ये याच्याच शेंड्याला तोंडी बसवून वाजवतात. प्रवाळ खाऊन टाकणारा काटेरी तारामासा असतो त्याला खाणारे प्राणी फार थोडे, त्यातला हा एक. म्हणून तो काढला की प्रवाळाचा एक राखणदार कमी होतो. हे सांगायचं कारण पुढे येतंय.

हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मधले आहेत. हो, वाघ ज्या यादीत आहे तीच. समुद्रातले शंख-शिंपले या कायद्यात २००१ साली आले, त्याच्या आधी अंदमानात, रामेश्वरला, कन्याकुमारीला हे उघड दुकानात मिळायचे, पर्यटक आणायचे, आजोबांनी आणले त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण आज तुम्ही तो ओएलएक्सवर टाकला तर तुम्ही अनुसूची १ मधल्या प्राण्याची वस्तू विकायला काढली असं होतं आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. "घरातला जुना आहे", "आजोबांचा आहे" हे विक्रीला चालत नाही. त्यामुळे "लाखात जाईल" म्हणणाऱ्या माणसाला सांगा की या दोघांची बाजारातली किंमत शून्य आहे. हे मी भाबडेपणानं म्हणत नाहीये, कायदेशीर गिऱ्हाईकच नाही तर किंमत कोण ठरवणार.

आता घरात ठेवायचे की नाही? इथे मला छातीठोक सांगता येणार नाही कारण ते तुमच्या कागदांवर आहे. २००३ मध्ये सरकारनं १८० दिवसांची एक मुदत दिलेली, ज्यांच्याकडे अशा वस्तू आहेत त्यांनी जाहीर करा म्हणून. त्या वेळी आजोबांनी किंवा वडिलांनी अर्ज करून मालकीचं प्रमाणपत्र घेतलं असेल तर प्रश्न बराचसा मिटला. वारसानं वस्तू आली की ९० दिवसांत वनखात्याला कळवायचं असतं, ते राहिलं असेल तर ते करा. काहीच कागद नसतील (आणि दहातल्या नऊ घरांत नसतात, मी इतक्या वर्षांत प्रमाणपत्र दोनदाच बघितलं) तर माझा सल्ला की अशी कामं केलेल्या एखाद्या वकिलाला आधी विचारा आणि मग वनखात्याला लेखी कळवा. पुण्यात वनविभागाचं ऑफिस आहे, मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात, अर्ज त्यांच्या नावानं जातो. आजोबांचं पोर्ट ब्लेअरचं नोकरीचं पत्र, जुना फोटो ज्यात मागे शोकेसमध्ये शंख दिसतोय, जुनं बिल, जे सापडेल ते जोडा. फोटो फार कामाला येतो, लोकांच्या लक्षात येत नाही. कोणाच्या मुंजीचा किंवा बारशाचा अल्बम काढून बघा.

म्युझियमला देऊन टाकू का असं पण तुम्ही विचारलंय. चांगला विचार आहे पण परस्पर देऊ नका. आमच्याकडे लोक प्रेमानं घेऊन यायचे आणि मला परत पाठवायला लागायचे, त्यांना वाटायचं हा माणूस माजलाय. संस्थेला पण अशी वस्तू वनखात्याच्या परवानगीनंच घेता येते. आणि कोणाला गिफ्ट तर अजिबात देऊ नका, मुलीच्या सासरी वगैरे.

जाता जाता, याच कायद्यात खिडकीचा शिंपला पण आहे, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवायचे तो पातळ अर्धपारदर्शक. त्याचे लॅम्पशेड अजून लोक हौसेनं घेतात. घेताना जरा विचारून घ्या.

तिसऱ्या शंखावर आता मी जास्त वेळ घालवणार आहे कारण काकांचे पैसे त्यात गेलेत.

आधी दक्षिणावर्ती म्हणजे काय ते. पूजेत वाजवतो तो आपला नेहमीचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, मन्नारच्या आखातात तुतिकोरीन, रामेश्वरकडे मिळतो, बंगाली बायकांच्या शंखाच्या बांगड्या यातनंच कापतात. हा वरच्या यादीत नाही, याचा व्यापार चालतो. तर हा शंख शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे असा धरला की त्याचं तोंड उजवीकडे येतं. जगातले बहुतेक सगळे शंख असेच उजवे. आपल्या परंपरेत शंख उलटा, म्हणजे शेंडा खाली धरून बघतात त्यामुळे या नेहमीच्याला वामावर्ती म्हणतात, आणि क्वचित कधीतरी याच जातीत आरशात बघितल्यासारखा उलटा वळलेला निघतो, तो दक्षिणावर्ती. म्हणजे प्राणीशास्त्रवाले ज्याला डावा म्हणतात तो आपला दक्षिणावर्ती, इथंच अर्धा गोंधळ होतो. असा खरा शंख इतका दुर्मीळ आहे की बावीस वर्षांत माझ्या हातात एकही आला नाही. आणि रस्त्यावरच्या, ऑनलाईनच्या, यात्रेतल्या दुकानांत तो बुट्टीभर मिळतो. कसा मिळतो?

अमेरिकेच्या किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला, एक शंख आहे, लायटनिंग व्हेल्क, शास्त्रीय नाव बसायकॉन. याची गंमत म्हणजे ही जातच डावी. तिथे जन्मलेला प्रत्येक पोर डावखुरा असावा तसं. टेक्सस राज्यानं तर तो आपला राज्यशंख करून ठेवलाय. तिकडे तो थोड्या डॉलरना मिळतो, मग इकडे येतो, वरची तपकिरी साल घासून, पांढरा करून, पॉलिश मारून "सिद्ध दक्षिणावर्ती" होतो आणि किंमतीला शून्यं लागत जातात.

काकांचा शंख हाच असावा असं मला फोटोवरून वाटतं. खांद्याशी थोडे टोकदार उंचवटे आहेत, खाली लांब निमुळती शेपटी आहे आणि तोंड डावीकडे आहे. पण फोटोवर सोडू नका, स्वतः बघा, अर्ध्या मिनिटाचं काम. शंखाच्या तोंडात बोट घाला, आत मधोमध जो खांब असतो, ज्याच्याभोवती सगळे वळसे फिरलेत, त्यावरून बोट वर-खाली फिरवा. खऱ्या टर्बिनेलाला त्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, बोटाला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लागतात, डोळे मिटून पण कळतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत लागतो, फार तर एखादी पुसट घडी. पायऱ्या नाहीत म्हणजे तो पूजेचा शंखच नाही, मग डावा असो की उजवा. विक्रेते ज्या बाकीच्या टेस्ट सांगतात, तांदळाच्या राशीत ठेवला की सरकतो, कानाला लावला की ओंकार ऐकू येतो, त्यात काही नाही. कानाला लावल्यावर येणारा आवाज हा आजूबाजूचाच आवाज आतल्या पोकळीत घुमून येतो, रिकामा तांब्या कानाला लावा, तोच ओंकार.

काकांना हे कसं सांगायचं ते तुमच्या घरातलं तुम्ही बघा. श्रद्धेनं पूजा करत असतील तर शंख शंखच आहे, पण त्याच माणसाकडनं दुसरा घ्यायला निघाले असतील तर थांबवा.

किंमतीच्या बाबतीत अजून एक. दुर्मीळ म्हणून घेतलेला शंख दुर्मीळच राहील याची काही गॅरंटी नसते. कोनस ग्लोरियामारिस नावाचा एक शंकूसारखा सुंदर शंख, अठराव्या शतकापासून युरोपातले संग्राहक त्याच्यासाठी वेडे होते, जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९६९ मध्ये डायव्हर लोकांना सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालजवळ तो राहतो ती जागा सापडली, आणि भाव बसला. शंख तेवढाच सुंदर होता, फक्त आता तो सगळ्यांकडे असू शकत होता.

आता पावडर. ही धूळ नाही, बुरशी नाही, "समुद्राचं मीठ बाहेर येतंय" असं तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलंय ते पण नाही. म्युझियमवाले याला बाईनचा रोग म्हणतात, बाईन नावाच्या माणसानं १८९९ मध्ये याच्याबद्दल लिहिलं, रोग म्हणतात पण जंतूबिंतू काही नाही, साधी केमिस्ट्री आहे. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नवीन प्लायवूड, एमडीएफ, त्यातला गोंद, ताजं पॉलिश यातनं ॲसेटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ हळूहळू सुटत असते. बंद कप्पा, काचेचं दार, वर पावसाळ्याचा दमटपणा, मग ती वाफ शंखावर बसते आणि त्याच्या पृष्ठभागाचाच क्षार तयार होतो. म्हणजे ती पावडर बाहेरनं आलेली नाही, ती तुमच्या शंखाचीच झीज आहे. कप्प्याचं दार उघडून लगेच नाक आत घाला, हलका व्हिनेगरसारखा वास आला तर समजा. तुमचं युनिट दीड वर्षापूर्वीचं आणि पावडर दीड वर्षातली, मला तरी यात शंका वाटत नाही.

हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. आमच्याकडे नवीन कपाटं आली, सागवानी फिनिश, आत सगळं प्लाय, मी हौसेनं सगळा चांगला माल त्यात मांडला, कवड्या तर आरशासारख्या चमकायच्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बघितलं तर कवड्यांची चकाकी गेलेली, वर पिठासारखा थर, आणि पुसल्यावर खाली अंग खडबडीत. चकाकी परत येत नाही. आलीच नाही. जुन्या गंजक्या लोखंडी कपाटात जे कोंबून ठेवलं होतं ते सगळं ठणठणीत.

म्हणून पहिलं काम, आजच्या आज तिन्ही शंख त्या कप्प्यातनं बाहेर काढा. साफ नंतर करा पण बाहेर आधी काढा.

मग साध्या पाण्यानं. ॲसिड नाही, हार्पिक नाही, व्हिनेगर नाही, लिंबू-चिंच तर नाहीच, आंबट काहीही कॅल्शियम कार्बोनेट खातं आणि तुमच्या शंखाला ॲसिडनंच तर हे झालंय. ॲसिडचा सल्ला येतो कुठून ते सांगतो, शंख विकणारे लोक सौम्य ॲसिडमध्ये काही सेकंद बुचकळून काढतात, वरचा मळका थर विरघळतो आणि खालचा ताजा रंग दिसतो, वर तेलाचा हात की गिऱ्हाईक खूश. मी पण नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शंखावर हे करून बघितलंय, फस्स करून फेस आला, छान वाटलं, बाहेर काढला तर त्याच्या अंगावरच्या बारीक रेघा गायब, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. तो मी बरीच वर्षं टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला होता, नवीन पोरांना दाखवायला.

तर बादलीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, बोअरचं नको. शंख पूर्ण बुडवून एक दिवस ठेवा, पाणी बदला, परत एक दिवस. मऊ टूथब्रश फिरवा, शिंगांच्या बेचक्यांत आणि ओठाच्या दातांमध्ये पावडर अडकते तिथे. मग वाळवणं, आणि इथेच लोक घाई करतात. मोठ्या शंखाच्या आतल्या वळशांत पाणी अडकून राहतं, वरनं कोरडा वाटतो पण आत ओल असते आणि मग वास. तोंड खाली करून ठेवा, दर काही तासांनी थोडा थोडा फिरवा, त्याच्या वळणाच्या उलट दिशेनं, आत गुडगुड ऐकू येईल आणि पाणी धारेनं बाहेर येईल. आठवडाभर सावलीत पंख्याखाली. उन्हात नको, त्या कॅसिसच्या तोंडाचा केशरी रंग उन्हानं उडतो आणि उडालेला रंग कोणी परत आणू शकत नाही.

वाळल्यावर वाटलं तर मिनरल ऑईलचा अगदी पुसट हात, म्हणजे साधं बेबी ऑईल चालतं, कापडाला लावून कापड जवळजवळ कोरडं करून मग फिरवायचं. खोबरेल लावू नका, खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. वार्निश, नेलपेंटचा ट्रान्स्परंट कोट वगैरे पण नको, ते पिवळं पडतं आणि काढता येत नाही.

ट्रायटनच्या ओठाला एक टवका उडालेला दिसतोय, तो कानशीनं घासून सारखा करायचा मोह होईल, करू नका. विकणारे लोक तेच करतात आणि अनुभवी माणसाला तो घासलेला ओठ लांबनं दिसतो. टवका राहू दे, कधीतरी समुद्रातच गेला असेल.

ठेवायचे कुठे? लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम, काचेचे शेल्फ, दार पूर्ण हवाबंद नको. युनिटच वापरायचं असेल तर दारं काढून टाका किंवा वर्षभर उघडी ठेवा, आणि शंखाखाली काचेचा तुकडा ठेवा, लाकडाला थेट टेकू देऊ नका. फोमवर, फेल्टवर तर नाहीच. आणि दर पावसाळ्यानंतर एकदा हातात घेऊन ओल्या बोटानं पुसून बघा, बोटाला पीठ लागलं तर जागा अजून चुकतीये.

एक राहिलं, आजोबांच्या दोन्ही शंखांबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कोणी आणला, कुठनं, साधारण कुठल्या साली, आजोबांनी काही सांगितलं असेल तर ते पण, बाजारातनं घेतला की कोणा मच्छीमारानं दिला. आम्ही कॉलेजात बिनचिठ्ठीचा शंख शोभेला बाजूला काढायचो, चिठ्ठी असलेला कपाटात जायचा, मग तो फुटका का असेना. आणि वर म्हटलं तसं, वनखात्याच्या अर्जाला पण हीच माहिती लागणारे.

आता करायचं काय ते क्रमानं, कारण मी फार इकडेतिकडे गेलो: शंख कप्प्यातनं बाहेर, काकांच्या शंखात बोट घालून पायऱ्या मोजायच्या, आजोबांच्या दोघांची जाहिरात टाकली असेल तर आज काढायची, घरात जुने कागद आणि अल्बम शोधायचे, मग पाण्यात भिजवायचं. वकील-वनखात्याचं काम भिजवण्याइतकं सोपं नाही, त्याला वेळ लागेल, पण सुरू तरी करा.

पायऱ्या किती लागल्या ते इथे लिहा, आणि तिसऱ्या शंखाचा शेंड्याकडनं सरळ वरून एक फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. त्याच्या तोंडात जे तांदूळ भरलेले दिसतायत ते आधी काढा मात्र, त्याला आत्तापर्यंत पोरकिडे लागले असणार.